टॉवेलवरचे डाग हटत नाहीत? या चुका टाळा

पांढरा टॉवेल पिवळट दिसू लागला की पहिला हात जातो ब्लीचच्या बाटलीकडे. घरात बोअरचं पाणी येत असेल तर ही चूक हमखास महागात पडते. त्या पाण्यात बऱ्याचदा लोह विरघळलेलं असतं. क्लोरीनचं ब्लीच त्याचा गंज करतं, गंज धाग्यांत बसतो आणि पिवळट टॉवेल चक्क तांबूस होऊन निघतो. मग पुन्हा ब्लीच, पुन्हा तेच. नीळ घातली तर पिवळेपणा झाकला जाईल, जाणार नाही.

गंजाला आम्ल लागतं. किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व मोठे दोन चमचे घेऊन अर्ध्या बादली कोमट पाण्यात विरघळवा, टॉवेल तासभर बुडवून ठेवा आणि भरपूर पाण्यात खळबळा. शेवटचं पाणी तरी नगरपालिकेच्या नळाचं असू द्या. आधी ब्लीच वापरलं असेल तर टॉवेल नीट खळबळल्याशिवाय लिंबूसत्त्वाला हात लावू नका. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

जड पाण्यात साबणाचा चिकट थर बसून आलेला करडेपणाही याच उपायाने बराच उतरतो. कपड्यांचं सॉफ्टनर मात्र बंदच करा. त्याने टॉवेल मऊ लागतो खरा, पण पाणी टिपेनासा होतो.

हळदीच्या कार्यक्रमानंतर टॉवेलला साबण लावला की डाग लालभडक होतो आणि लोक घाबरून घासत सुटतात. साबणातल्या अल्कलीने हळद लाल होते, एवढंच. धुऊन कडक उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही. सावलीत वाळवलात तर तो तसाच राहील.

पावसाळ्यातले काळे ठिपके म्हणजे बुरशी. इथे ब्लीच योग्य, पण फक्त पांढऱ्या सुती टॉवेलला आणि लोह नसलेल्या पाण्यात. रंगीत टॉवेलला कोमट पाण्यात ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे क्लोरीन नसलेलं ब्लीच. ओला टॉवेल दाराच्या खिळ्याला चुरगळून अडकवण्याची सवय मोडली नाही, तर ठिपके परत येणारच. दोरीवर पसरून टाका, पंख्याखाली का होईना.

रंगीत टॉवेलवर फिकट, नारिंगी चट्टे दिसले तर घरात कोणी मुरुमांचं क्रीम लावतं का, ते विचारा. त्यातल्या बेंझॉइल पेरॉक्साइडने रंगच उडतो. तो डाग नव्हे, त्यामुळे काढण्यासारखं काही उरतच नाही. क्रीम लावणाऱ्याला पांढरा टॉवेल द्या.