बूम पंपाचा फ्यूज शोधायचा कुठे आणि तपासायचा कसा

स्लॅब अर्धा पडलाय, मिक्सर रांगेत उभे आहेत आणि रिमोट दाबूनही बूम (काँक्रीट वर पोहोचवणारा पंपाच्या गाडीचा लांब घडीचा हात) हलत नाही. अशा वेळी आधी इमर्जन्सी स्टॉपची लाल बटणं बघा: रिमोटवर, कंट्रोल पॅनलवर, हॉपरजवळ (मिक्सर काँक्रीट ओततो ते मागचं कुंड). एखादं दाबलेलं राहिलं तर फ्यूज उडाल्यासारखंच सगळं बंद पडतं. हॉपरची जाळी नीट बसलेली नसेल तर तिथला सेफ्टी स्विच काँक्रीट ढवळणारा अ‍ॅजिटेटर चालू देत नाही. रिमोटची बॅटरीही बदलून पाहा.

एवढं करूनही काही होत नसेल तर इंजिन बंद करा. अ‍ॅक्युम्युलेटरचं (हायड्रॉलिक तेलाचं प्रेशर साठवणाऱ्या टाकीचं) प्रेशर सोडून गेज शून्यावर आलेला डोळ्यांनी बघा. इंजिन बंद असलं तरी साठलेल्या प्रेशरवर हॉपरमधली एस-ट्यूब (काँक्रीटची फिरती नळी) झटक्यात फिरते आणि हात तुटतो. तपासणी संपेपर्यंत तपासणाऱ्याशिवाय कुणालाही हॉपरपाशी फिरकू देऊ नका.

चासी एका कंपनीची आणि पंप दुसऱ्या कंपनीचा, त्यामुळे फ्यूजही विभागलेले असतात. बॅटरी बॉक्सजवळ जाड पट्टीचे मुख्य फ्यूज, केबिनच्या डॅशबोर्डात चासीचे आणि केबिनमागे किंवा गाडीच्या कडेला असलेल्या पॅनलमध्ये पंपाचे. रिमोटच्या रिसीव्हरला बहुधा स्वतःचा वेगळा फ्यूज असतो आणि तो बघायचा राहून जातो. गाडी सुरू होते, दिवे लागतात, फक्त पंप मेलेला असेल तर डॅशबोर्ड उचकत बसू नका, सरळ पॅनल उघडा.

फ्यूज काढून उजेडात धरून बघणं ही तपासणी नव्हे. केसाएवढी चीर दिसत नाही. चावी इग्निशनवर ठेवा. पॅनलला पीटीओच्या (इंजिनाची ताकद पंपाकडे वळवणाऱ्या गिअरच्या) स्विचमधून सप्लाय येत असेल तर तोही ऑन करा. इंजिन बंदच. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर घेऊन काळी पिन चासीच्या उघड्या लोखंडाला लावा, लाल पिन फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन्ही धातूच्या टोकांना आळीपाळीने. दोन्हीकडे 24 ते 25 व्होल्ट म्हणजे फ्यूज चांगला. एकाच बाजूला आले तर उडालेला. दोन्हीकडे शून्य असेल तर सप्लायच येत नाही, मागे बॅटरीकडे शोधत जा. फ्यूज जागेवर असताना कंटिन्युइटीची (जोड सलग आहे का ते सांगणारी) बीप ऐकू नका. दुसऱ्या वाटेने करंट फिरून मीटर फसवतो.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटीकडच्या पावसात साइट असेल तर सॉकेटमध्ये हिरवा गंज धरतो. तेव्हा मीटर 24 दाखवतो, पण लोड टाकला की व्होल्टेज बसतं. तिथे 24 व्होल्ट, 21 वॅटचा टेस्ट लॅम्प खरं सांगतो: बल्ब मंद पेटला तर कॉन्टॅक्ट क्लीनरने सॉकेट साफ करा.

उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा घाला. लाल 10, निळा 15, पिवळा 20, हिरवा 30. तांब्याची तार कधीही नाही. दहाच्या जागी तीस घातला तर फ्यूजऐवजी वायरिंग जळतं.

नवा फ्यूजही लगेच उडाला तर कस इथे लागतो. एकामागून एक फ्यूज घालून बघणं बंद करा. प्रत्येक ठिणगीने सॉकेट आणि रिले खराब होतो. फ्यूजच्या जागी दोन वायरींनी तोच 21 वॅटचा बल्ब जोडा. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो, पण करंट एका अँपिअरच्या आतच राहतो, त्यामुळे काही जळत नाही. आता त्या फ्यूजवरचे प्लग एकेक करून काढा: व्हायब्रेटर, अ‍ॅजिटेटरच्या व्हॉल्व्हची कॉइल, प्रॉक्झिमिटी सेन्सर, वर्क लाइट. ज्या प्लगला बल्ब विझतो किंवा एकदम मंद होतो, तिथे दोष. सुरुवात हॉपरच्या बाजूने करा. धुताना प्रेशरचं पाणी आणि सिमेंटची राड तिथल्याच प्लगांत घुसते. कॉइलचा संशय असेल तर प्लग काढून ओहम मोजा आणि शेजारच्या तशाच कॉइलशी ताडून बघा. एक वीसच्या आसपास आणि दुसरी दोन दाखवत असेल तर दुसरी गेली.

सगळे प्लग काढूनही बल्ब पेटलेलाच असेल तर वायर कुठेतरी सोलली आहे. बूमच्या सांध्यापाशी आणि आउटरिगरच्या (गाडी स्थिर धरणाऱ्या बाजूच्या पायांच्या) आत, जिथे हार्नेस म्हणजे वायरींची जुडी लोखंडाला घासते, तिथे हाताने हलवा आणि बल्बकडे बघा. बूम ठरावीक कोनात आल्यावरच फ्यूज उडत असेल तर सांध्यातलीच वायर धरा. चासीच्या ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि एबीएसच्या (ब्रेकच्या यंत्रणेच्या) फ्यूजांवर मात्र हा बल्ब लावू नका.

बेळगावच्या उद्यमबागेत वा कुठेही गाडीवर वेल्डिंग करून घेताना आधी बॅटरीच्या दोन्ही केबल काढायला लावा. वेल्डिंगच्या करंटने कंट्रोलर जातो आणि मग फ्यूज कितीही बदला, पंप उठत नाही.

दोष पटकन सापडला नाही तर पाइपातलं काँक्रीट घट्ट व्हायचं थांबणार नाही, उन्हाळ्यात तर मुळीच नाही. मॅन्युअल लिव्हर कुठे आहेत हे ऑपरेटरला आधीच माहीत हवं: लोकांना लांब करून इंजिन चालू करायचं, त्या लिव्हरवर पंप रिव्हर्स घेऊन लाइन रिकामी करायची, बूम आत घ्यायचा, आणि फ्यूजचं काम त्यानंतर.