रब्बीचं पाणी भरताना डीपी सांभाळा

गव्हाला पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळं फुटताना पाणी चुकलं तर फुटवे कमी येतात. नेमकं त्याच सुमारास हरभरा आणि कांदाही पाणी मागतो. शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम लागतात आणि डीपी, म्हणजे शिवाराला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळते. मग "वीज कंपनीनं डीपीच लहान दिली" असं म्हणून आपण मोकळे होतो. काही गावांत ते खरंही आहे. पण अनेकदा दुखणं आपल्याच स्टार्टरच्या पेटीत असतं, ते म्हणजे लाइट येताच मोटार आपोआप सुरू करणारा ऑटोस्विच.

हिशेब करून बघा. पाच एचपीची मोटार चालताना साधारण सहा केव्हीए (विजेच्या भाराचं माप) भार टाकते, म्हणजे ६३ केव्हीएच्या डीपीवर अशा दहा मोटारी निभतात. सुरू होताना मात्र तीच मोटार पाच-सहा पट करंट ओढते. लाइट आली आणि दहाही ऑटोस्विच एकदम लागले, की डीपीवर तीनशे केव्हीएच्या आसपास झटका बसतो. व्होल्टेज पडतं, मोटारी वेग धरत नाहीत, घुमत राहतात आणि तापतात. फ्यूज उडाला तर नशीब म्हणायचं. फ्यूजच्या जागी कुणी जाड तार बांधून ठेवली असेल, तर डीपीचं वाइंडिंगच जातं आणि ऐन पाण्याच्या पाळीत दुसऱ्या डीपीची वाट बघत बसावं लागतं.

म्हणून ऑटोस्विच काढाच. रात्री दारं धरायला जाणं टळावं म्हणून तो बसवला, हे मान्य. जुन्नर-आंबेगावकडच्या बिबट्याच्या उसात अंधारात कोण हौसेनं जाईल? पण त्यासाठी आता सिमकार्डवाला मोबाइल स्टार्टर मिळतो. घेताना तीन गोष्टी दुकानातच विचारा: एखादा फेज गेला तर मोटार बंद होते का, विहिरीचं पाणी तुटल्यावर बंद होते का आणि लाइट आल्यावर उशिरा सुरू होण्याची वेळ लावता येते का. यातली तिसरी सगळ्यात महत्त्वाची. एका डीपीवरच्या सगळ्यांनी एकत्र बसून मिनिटं वाटून घ्या. पहिल्याची मोटार एका मिनिटानं, दुसऱ्याची दोन मिनिटांनी, असं ठरलं की झटका विभागला जातो. ज्याला स्मार्ट ग्रिड म्हणतात, त्यातलं भार वेळेत वाटण्याचं काम हेच. बांधावरून भांडणारी भाऊबंदकी मिनिटांवर आणू नका, एवढंच.

दुसरं काम कपॅसिटरचं. मोटारीला चुंबकत्वासाठी जो करंट लागतो, तो पाणी उचलत नाही, नुसत्या तारा आणि डीपी तापवतो. कपॅसिटर तो जागेवरच पुरवतो. तीन एचपीला १ केव्हीएआर (कपॅसिटरचं माप), पाचला २, साडेसातला ३ पुरे. मोठा बसवून जास्त फायदा होत नाही, उलट मोटारीला त्रास होतो. फुगलेला कपॅसिटर बदला. जोडणी वायरमनकडूनच करून घ्या, कारण लाइट बंद केल्यावरही त्यात वीज साठून राहते.

साडेसात एचपीपर्यंत बिल माफ असताना हा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. बिल माफ आहे, जळालेल्या मोटारीचं रिवाइंडिंग नाही. जुन्या पंपावर खर्च करायचाच असेल तर त्याऐवजी वीज वाचवणारा स्टारवाला पंप घ्या. सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याला ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या पथदर्शी प्रकल्पात दोन हजारांवर जुने पंप काढून पाच स्टारचे बसवले होते. कमी घर्षणाचा फुटव्हॉल्व्ह (पाण्यातल्या पाइपाच्या तोंडाची झडप) आणि पाइपाला कमीत कमी बेंड, एवढ्यानंही फरक पडतो.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत तुमचा फीडर, म्हणजे शेताकडं येणारी वीजवाहिनी, सौर विजेवर आला असेल, तर दिवसा लाइट मिळेल. वैजापूर तालुक्यातल्या ढोंदलगावचा तीन मेगावॉटचा प्रकल्प या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातला पहिला. अशा फीडरवरही मिनिटांची वाटणी सोडू नका. दिवसाची लाइटसुद्धा सगळ्यांना एकाच वेळी येते.

'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतून स्वतःचा पंप घ्यायचा असेल तर सर्वसाधारण गटाला दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के हिस्सा भरावा लागतो. अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाच एकरांपर्यंत पाच एचपी, त्यापुढं साडेसात. हा पंप साधारण दहा ते तीन या वेळात जोर धरतो, म्हणून लांबचं आणि उंचावरचं वावर तेव्हा भिजवा, जवळचं सकाळी. थंडीत दव पडून पॅनलवर धूळ चिकटते. ती सकाळी काच थंड असतानाच पुसा, आणि विहिरीचं पाणी खारं असेल तर पुसायला दुसरं वापरा.