ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे! किडनी-लिव्हर बदललेल्यांनो, या चुका टाळा

डिस्चार्जच्या कागदावर ‘ग्रेपफ्रूट टाळा’ असं लिहिलेलं असतं. घरी कुणीतरी त्याचा अर्थ ‘द्राक्षं बंद’ असा लावतं आणि पेशंट बिचारा नाशिकच्या द्राक्षांकडे नुसता बघत बसतो. द्राक्षांचा इथे काही संबंध नाही. ग्रेपफ्रूट हे लिंबूवर्गातलं फळ, पपनस आणि संत्र्याच्या संकरातून बार्बाडोस बेटावर आलेलं. आपल्या घरात येतं ते त्याची आई, म्हणजे पपनस. कोकणात तोरंजन म्हणतात तेच.

गणपतीत माटवीला, म्हणजे मूर्तीच्या वर बांधलेल्या चौकटीला, टांगलेलं पपनस विसर्जनानंतर खाली येतं. जाड साल निघते, फोडींवर मीठ-साखर पडते, ताटली फिरते. ‘देवाचं आहे, एका फोडीनं काय होतंय?’ इथेच घोळ होतो.

टॅक्रोलिमस हे रिजेक्शन, म्हणजे शरीरानं नवा अवयव नाकारणं, टाळणारं औषध. त्याच्या गोळीतला बराच भाग रक्तात पोचण्याआधीच आतड्याच्या भिंतीतलं एक एन्झाइम मोडून टाकतं. तुमचा डोस ही घट धरूनच बसवलेला असतो. पपनसातली फ्युरॅनोकुमरिन नावाची द्रव्यं ते एन्झाइमच निकामी करतात आणि नवं तयार व्हायला दोन-तीन दिवस जातात. म्हणून ‘गोळी सकाळी, फळ दुपारी’ हा हिशेब चालत नाही. गोळी तीच, पण लेव्हल, म्हणजे रक्तातलं औषधाचं प्रमाण, चढते. हात थरथरतात, किडनीवरचा ताण दाखवणारं क्रिएटिनिन वाढतं. सायक्लोस्पोरिन, सिरोलिमस, एव्हरोलिमस या अशाच औषधांची लेव्हलही अशीच चढते.

वरणावर पिळलेलं लिंबू किंवा एखादं गोड संत्रं सहसा चालतं. पोटॅशियम वाढलेलं असेल तर मात्र मोसंबीच्या रसाचे ग्लास नकोत (टॅक्रोलिमस स्वतःच पोटॅशियम वाढवतं). ज्यूस सेंटरवरचं ‘मिक्स फ्रूट’ सोडाच, त्यात काय पडलंय ते कुणालाच ठाऊक नसतं. लेकाकडे इंग्लंडला गेलात तर ब्रेडवरचं मार्मलेडही नको. ते बहुधा कडू सेव्हिल संत्र्यांचं असतं आणि त्यातही हीच द्रव्यं असतात.

खाल्लंच गेलं, तर भीतीपोटी गोळी चुकवू नका, अर्धीही करू नका. ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन करा. लेव्हलचं रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं असतं, गोळी खिशात घेऊन जा. आणि फोड खाल्ल्याचं लाजून लपवू नका. कारण कळलं नाही, तर वाढलेली लेव्हल पाहून डॉक्टर डोस कमी करतील, दोन-तीन दिवसांत पपनसाचा असर ओसरेल आणि त्या कमी डोसवर लेव्हल घसरून रिजेक्शनचा धोका उभा राहील.