मुलांचा संधिवात: गुडघा बरा झाला, पण डोळ्याचं काय? या चुका टाळा

‘आर. ए. फॅक्टर (संधिवातासाठी रक्तात तपासतात तो घटक) निगेटिव्ह आहे, म्हणजे संधिवात नाही’ असं म्हणून बरेच महिने वाया जातात. बालसंधिवाताच्या बहुतेक मुलांत हा फॅक्टर निगेटिव्हच येतो. १६ वर्षांच्या आत सुरू झालेली सांध्याची सूज ६ आठवडे टिकली आणि दुसरं कारण सापडलं नाही, की निदान होतं. सकाळी लंगडणारं आणि दुपारी पळणारं मूल नाटक करत नसतं. रात्रभरात आखडलेला सांधा हालचालीने मोकळा होतो.

सर्वांत महाग पडणारी चूक डोळ्याची. या आजारात डोळ्याच्या आत सूज येऊ शकते, पण बहुतेकदा डोळा लाल होत नाही, दुखत नाही, पाणीही येत नाही. पालकांना बाहुली वेडीवाकडी दिसते तेव्हा ती मागच्या भिंगाला चिकटलेली असते. पुढे मोतीबिंदू, काचबिंदू. चष्म्याच्या नंबरची तपासणी इथे उपयोगाची नाही. स्लिट लॅम्पखालीच (डोळ्याच्या डॉक्टरांकडचं प्रकाशझोताचं सूक्ष्मदर्शक यंत्र) सूज दिसते. ए. एन. ए. (रक्तातल्या प्रतिपिंडांची एक तपासणी) पॉझिटिव्ह, मोजकेच सांधे सुजलेले आणि सातव्या वर्षाआधी सुरुवात, अशा मुलाचे डोळे पहिली ४ वर्षं दर ३ महिन्यांनी तपासावेत. गुडघ्याची सूज उतरली म्हणून तारीख चुकवू नका, सांधा आणि डोळा एकमेकांना विचारून चालत नाहीत. डोळ्याला सूज येऊन गेली असेल तर मेथोट्रेक्सेट (संधिवाताचं औषध) कमी किंवा बंद केल्यावर २ महिन्यांच्या आत पुन्हा दाखवा.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. घोटाळा होतो तो सोबत दिल्या जाणाऱ्या फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाशी: दोन्ही गोळ्या बऱ्याचदा पिवळ्या आणि चिमुकल्या. पाकिटावर वार लिहा, उदाहरणार्थ ‘फक्त रविवार’, आणि दोन्ही वेगळ्या डब्यांत ठेवा. चुकून रोज दिली गेली तर तोंड येतं, रक्तपेशी घटतात. तोंड येण्याची वाट न पाहता पाकीट घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

ताप आणि पुरळ घेऊन येणाऱ्या प्रकारात ई. एस. आर. (रक्तातली सूज दाखवणारी तपासणी) अचानक उतरला की घरात हायसं वाटतं. ताप हटलेला नसेल तर तो उतार धोक्याचा. फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) संपत चालल्याने ई. एस. आर. पडतो; सोबत प्लेटलेट घसरतात, फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) चढतं. फेरिटिन ६८४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर गेलं आणि प्लेटलेट १,८१,००० किंवा त्याहून कमी झाल्या, तर पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबू नका. त्याच रात्री दाखल करा.