गिअरबॉक्स उतरवण्याआधी आवाज कुठला ते ठरवा

पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर घेऊन कुणी आलं आणि ‘मेस्त्री, गिअरबॉक्स वाजतोय, उतरवा’ म्हणालं, की मी पाना उचलत नाही. आधी क्लच दाबायला सांगतो. या गाड्यांचे पार्ट आता सहज मिळत नाहीत, आणि बॉक्स उगाच खोलला तर धडधाकट बेअरिंगही ओढून काढताना खराब होतं.

गाडी अर्धा तास फिरवून आणा. थंड, घट्ट ऑइल आवाज दाबून धरतं. मग सपाट जागी हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा आणि क्लचवरून पाय काढा. आता इनपुट शाफ्ट (इंजिनची ताकद बॉक्समध्ये आणणारा दांडा) आणि त्याच्याखालचा ले-शाफ्ट (ती ताकद गिअरांपर्यंत पोचवणारा दांडा) फिरतोय. घरघर येत असेल तर क्लच पूर्ण दाबा. घरघर थांबली, तर या दोन शाफ्टांपैकी एकाचं बेअरिंग गेलंय. पाय वर असताना शांत आणि दाबल्यावर किरकिर, तर बहुधा क्लचचं रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं. त्यासाठी बॉक्स उतरवावा लागतो, पण खोलावा लागत नाही. मजुरीत मोठा फरक पडतो, म्हणून हे मालकाला माहीत असलंच पाहिजे.

आता रस्त्यावर. काचा खाली करून एखाद्या लांब कंपाउंडच्या भिंतीलगत चालवा, म्हणजे आवाज भिंतीवर आपटून नीट ऐकू येतो. पहिल्या तीन गिअरमध्ये गाडी रडते आणि टॉपला गप्प होते? मग ले-शाफ्टच. या गाड्यांत चौथा गिअर डायरेक्ट असतो. ताकद सरळ मागे जाते, ले-शाफ्ट फिरतो पण त्याच्यावर भार नसतो. (मारुती ८०० मध्ये डायरेक्ट गिअर नसतो, तिथे ही परीक्षा चालत नाही.) एकाच गिअरला आवाज असेल तर त्या गिअरचे दात बघायचे. रिव्हर्सला येणारी कूं मनावर घेऊ नका, त्याचे दातच सरळ कापलेले असतात.

चालत्या गाडीत न्यूट्रल केलं तरी आवाज तसाच राहिला, तर आधी चाकांची बेअरिंगं, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (बॉक्सपासून मागे जाणाऱ्या लांब दांड्याचे सांधे) आणि डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा भाग) तपासा. बॉक्सचं मागचं बेअरिंग त्यानंतर.

गिअर टाकताना करकर होत असेल तर उभ्या गाडीत क्लच पूर्ण दाबून पाच आकडे मोजा आणि रिव्हर्स टाका. तरी करकरला, तर क्लच सुटत नाहीये, तो अ‍ॅडजस्ट करा. रिव्हर्स गुपचूप पडला पण चालताना तिसरा टाकताना करकर झाली, तर सिंक्रोची रिंग (गिअर पडण्याआधी दोन्ही बाजूंचा वेग जुळवणारी पितळी कडी) झिजलीय.

शेवटी ऑइल. आधी फिलरचा, म्हणजे ऑइल भरायचा नट सुटतो का ते बघा, मगच खालचा ड्रेन खोला. वरचा जाम निघाला तर रिकाम्या बॉक्सची गाडी जागेवरच अडकते. ऑइल पांढऱ्या फडक्यावर घेऊन उन्हात धरा. ड्रेनच्या नटावरचा राखाडी, मऊ लेप चालतो. सोनेरी चमक म्हणजे सिंक्रोचं पितळ. नखाला लागणारे पोलादी कण दिसले, की बॉक्स खोलायचाच. ऑइल नुसतं कमी निघालं, तर पुस्तिकेतल्या ग्रेडचं फिलरच्या खालच्या काठापर्यंत भरून पुन्हा ऐका.

बॉक्स उतरवायचं ठरलंच, तर रिलीज बेअरिंग, क्लच प्लेट आणि मागचं ऑइल सील त्याच वेळी बदलून घ्या.