दिवाळीनंतरची धाव: गावातल्या सोबत्यांबरोबर अर्ध मॅरेथॉनची तयारी

विदर्भातल्या खेड्यात राहून धावणाऱ्याला वर्षात खरे तर चारच महिने मिळतात. मार्च सरता सरता सकाळी आठलाच ऊन चटके देऊ लागते आणि पावसाळ्यात काळी माती बुटाला अशी धरते की प्रत्येक पाऊल शेरभर जड होते. म्हणून दिवाळी आटोपली की सराव सुरू करावा आणि फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात जवळच्या शहरात अर्ध मॅरेथॉन असेल तर ती २१.०९७५ किलोमीटरची शर्यत धावावी, हा क्रम आम्हाला सोयीचा ठरला आहे. ज्याला न थांबता पाच किलोमीटर धावता येते, परंतु जो त्यापुढे कधी गेलेला नाही, अशा हौशी माणसासाठी पुढील सूचना आहेत. आमचा गट वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातला आहे. मी शिक्षक, एक एसटीचा वाहक, एक कृषी केंद्रवाला, एक पानठेला चालवणारा आणि पोलीस भरतीची तयारी करणारे एक बहीणभाऊ, असे आम्ही सहा जण आहोत.

आरंभीच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. थंडी आणि सोबत या दोन्ही गोष्टी माणसाला त्याच्या कुवतीपेक्षा जोरात पळवतात. थंड हवेत घाम कमी येतो, दम उशिरा लागतो, आणि शेजारी कोणी धावत असेल तर पाय आपोआप त्याच्या पायांशी स्पर्धा करू लागतात. माझ्या पहिल्या शर्यतीत मी भरतीच्या पोरांच्या मागे लागून पहिले तीन किलोमीटर पंधरा मिनिटांत कापले आणि पंधराव्या किलोमीटरला पाण्याच्या टेबलाशेजारी दुभाजकावर बसून राहिलो. भरतीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते, त्यामुळे त्यांचा सराव छोट्या आणि तीव्र धावेचा असतो. लांब पल्ल्याच्या माणसाने त्यांच्याकडून शिस्त घ्यावी, वेग घेऊ नये.

आता हवेविषयी. समुद्रापासून दूर असल्याने, आणि हिवाळ्यात आकाश निरभ्र व हवा कोरडी राहत असल्याने, आपल्याकडे रात्री जमिनीतली उष्णता झपाट्याने निघून जाते. पहाटे १० अंश आणि दुपारी २८ अंश हा डिसेंबरातला नेहमीचा हिशेब आहे. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. याचा अर्थ असा की घरून निघताना लागणारे कपडे तासाभराने नकोसे होतात. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. अंगणात उभे असतानाच उबदार वाटत असेल तर कपडे जास्त झाले आहेत असे समजावे. आत घाम सुकवणारा पातळ पॉलिस्टरचा टी-शर्ट, वर समोरून उघडणारा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, कानटोपी आणि साधे हातमोजे एवढे पुरते. वरचा शर्ट दोन किलोमीटरनंतर कमरेला बांधता येतो. आतला कपडा सुती असू नये, कारण सूत घाम धरून ठेवते आणि वारा लागला की तोच ओला कपडा छाती गारठवतो. कापूस पिकवणाऱ्या मुलखात हे सांगताना मला दरवेळी थोडे ओशाळल्यासारखे होते, पण ते खरे आहे. मांड्या आणि काखा घासून सोलवटू नयेत म्हणून खोबरेल तेल लावावे; थंडीत ते बाटलीत थिजलेले असते, म्हणून बाटली आदल्या रात्री चुलीच्या कडेला ठेवावी.

शेकोटीजवळ शेकून लगेच धावायला निघण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती सोडावी. शेकोटीने कातडी तापते, स्नायू थंडच राहतात, आणि पहाटेच्या जड हवेत खाली साचलेला धूर छातीत जातो. त्याऐवजी दहा मिनिटे भरभर चालावे, पाय पुढे-मागे झुलवावेत, मग हळूहळू धावू लागावे. स्नायू ताणण्याचे व्यायाम धावून आल्यावर करावेत.

रस्त्याची निवड हा खेड्यातल्या धावपटूचा सगळ्यात नाजूक प्रश्न आहे. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि रस्त्यावरचे खड्डे दिसण्याइतका उजेड त्याच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी होतो; आम्ही साडेसहाच्या आत निघत नाही. डांबरी रस्त्यावर उजव्या बाजूने धावावे, म्हणजे समोरून येणारे वाहन दिसते. जिनिंगकडे, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्याकडे, निघालेल्या कापसाच्या ट्रॉल्या या दिवसांत पहाटेपासून रस्त्यावर असतात. त्यांवरचा कापूस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला असतो आणि मागचा दिवा बहुधा नसतोच, म्हणून ट्रॉली दिसताच रस्ता सोडून खाली उतरावे. प्रत्येकाच्या पाठीवर आणि पायाच्या घोट्यावर रेडियमची पट्टी चिकटवलेली असावी. सायकलच्या दुकानात ती सहज मिळते.

पांदण, म्हणजे शेतांमधली कच्ची वाट, गुडघ्यांना मऊ असते, पण ती आदल्या दिवशी पाहून ठेवावी. शेतीची वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत येते, शेतकरी गहू-हरभऱ्याचे ओलित रात्री करतो आणि पाट फुटला की पाणी पांदणीत उतरते. काल कोरडी असलेली वाट आज चिखलाची असते. आमच्याकडे निम्न वर्धा धरणाच्या कालव्याकाठचा रस्ता सपाट आहे आणि त्यावर वाहने कमी आहेत, म्हणून रविवारी आम्ही तोच धरतो. वेळ वाचवण्यासाठी धुऱ्यावरून (बांधावरून) किंवा कोणाच्या वावरातून आडवे जाऊ नये. रानडुकरे आणि रोही (नीलगाई) यांना विजेचा झटका देऊन हाकलणाऱ्या झटका मशीनच्या तारा लावलेल्या असतात, आणि काही ठिकाणी थेट विजेचा प्रवाह सोडण्याचा बेकायदेशीर प्रकारही होतो. जंगलाच्या कडेची गावे असतील, मग ती बोर व्याघ्र प्रकल्पाच्या भोवतालची असोत की ताडोब्याच्या, तर दिवस पूर्ण उजाडल्याशिवाय धावू नये, एकट्याने तर मुळीच नाही, आणि कानात गाणी लावू नयेत. कुत्रे अंगावर आले तर पळू नये. थांबावे, त्याच्याकडे तोंड करून हळूहळू मागे सरकावे. चावलेच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्यावी.

अंतर मोजायला महागडे घड्याळ लागत नाही. महामार्गावर किलोमीटरच्या दगडांच्या मधे दर २०० मीटरवर २, ४, ६, ८ असे आकडे लिहिलेले छोटे दगड असतात. गवतात लपलेले असले तरी एकदा शोधून त्यांना चुना लावून ठेवला की सबंध हिवाळ्याची सोय होते. असे दोन टप्पे म्हणजे मैदानाची एक फेरी, म्हणजे ४०० मीटर.

बारा आठवड्यांचा सराव आम्ही असा ठेवतो. आठवड्यातून तीन दिवस धावायचे: मंगळवारी आणि गुरुवारी चार ते सहा किलोमीटर, आणि रविवारी लांब पल्ला. रविवारचे अंतर क्रमाने ६, ७, ८, ६, ९, १०, १२, ९, १४, १६ आणि १२ किलोमीटर असते. बाराव्या रविवारी शर्यत. चौथ्या आणि आठव्या आठवड्यात अंतर मुद्दाम उतरवलेले आहे, ते वाढवण्याचा मोह धरू नये. दुखणी बहुधा त्या मोहातूनच येतात. वेचणीच्या हंगामात ज्याचा दिवस वावरात वाकण्यात जातो त्याने मंगळवार सोडला तरी चालेल. शेतातले कष्ट पायांना मोजता येतात, वहीला येत नाहीत. पाचव्या आठवड्यापासून गुरुवारी दगडांवर ४०० मीटरचे चार ते सहा तुकडे जोराने धावावेत, प्रत्येक तुकड्यानंतर तेवढेच अंतर चालावे किंवा रमत धावावे. आठवड्यातली जोराची धाव एवढीच.

बाकी सगळे धावणे इतके संथ असावे की बोलता यावे. आमची कसोटी अशी आहे की धावता धावता कालचा कापसाचा भाव सांगता आला पाहिजे आणि त्यावर दोन वाक्ये चरफडताही आले पाहिजे. भाव सांगून झाल्यावर जो गप्प होतो तो जोरात धावत आहे. हे पाळणे सोबत्यांमुळेच अवघड होते. आमचे वाहक महाशय तिसऱ्या किलोमीटरला हमखास म्हणतात, “सर, हिव लय हाये, घ्या ना थोडं जोरानं!” आणि कोणी तोंडाने हो म्हणण्याआधीच सहाही जणांचे पाय हो म्हणून मोकळे होतात.

यावर आम्ही तीन तोडगे काढले आहेत. पहिला रविवारचा: सगळ्यात मागचा माणूस वेग ठरवतो. ज्याला पुढे जायचे असेल त्याने पुढच्या किलोमीटरच्या दगडापर्यंत जावे, वळून मागच्यापर्यंत यावे आणि पुन्हा गटात मिसळावे. त्यामुळे वेगवानाचे अंतर वाढते आणि मागचा एकटा पडत नाही. गटात मुली असतील तर हा नियम अधिकच काटेकोरपणे पाळावा. कोणालाही एकटे मागे सोडून घरी यायचे नाही.

दुसरा तोडगा मंगळवारचा, आणि मला तो सगळ्यात अधिक आवडतो. सर्वांनी एकाच वेळी निघायचे, प्रत्येकाने आपल्या चालीने वीस मिनिटे धावायचे आणि वीस मिनिटे झाली की जिथे असेल तिथून वळायचे. भरतीचा मुलगा तोवर चार किलोमीटर गेलेला असतो, पानठेलेवाला पावणेतीन. वळल्यावर मात्र पुढचे मागे होतात आणि मागचे पुढे, आणि चाळीस मिनिटांनी गावाच्या पाटीपाशी सगळे जवळजवळ एकत्रच पोहोचतात. जो वाटेत सगळ्यांच्या आधी परतला त्याची जातानाची चाल ढिली होती, जो फार उशिरा आला त्याने जाताना ताकद उधळली, हे कोणी न सांगता कळते.

तिसरा तोडगा म्हणजे डाव देऊन लावलेली शर्यत. प्रत्येकाचा पाच किलोमीटरचा वेळ ठाऊक असावा. समजा तो ३५, ३० आणि २५ मिनिटे आहे. तर ३५ वाल्याने आधी निघावे, ३० वाल्याने पाच मिनिटांनी आणि २५ वाल्याने दहा मिनिटांनी. शेवटी सगळे एकाच वेळी रेषेवर येतात, म्हणून जिंकण्याची संधी सर्वांना सारखीच असते. आम्ही ही शर्यत २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर लावतो. त्या आठवड्याची जोराची धाव तीच, म्हणून गुरुवारचे तुकडे तेव्हा वगळतो. हरणाऱ्याने सर्वांना तर्री-पोहे द्यायचे असतात. गेल्या खेपेस ती पाळी माझ्यावर आली, कारण मी माझा वेळ दोन मिनिटे कमी सांगितला होता. फुशारकीची किंमत पोह्यांच्या सहा प्लेटा.

प्रकृतीबाबत चालढकल करू नये. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो, म्हणून चाळिशीपुढच्या, तसेच रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या माणसाने सराव सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. धावताना छातीत दाब किंवा भोवळ जाणवली तर तिथेच थांबावे. विदर्भात, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा आणि नागपूर या जिल्ह्यांत, सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी प्रत्येक धावणाऱ्याने करून घेतली पाहिजे; सरकारी दवाखान्यात ती होते. सिकलसेलची वाहक असलेल्या, म्हणजे अंगात दोष असूनही प्रत्यक्ष आजार नसलेल्या, व्यक्तीला धावण्याची मनाई नाही, परंतु तिने पाणी भरपूर प्यावे, अंतर सावकाश वाढवावे, एकदम जीव तोडून धावू नये आणि पायांत अशक्तपणा किंवा वेदना वाढू लागताच थांबावे. ज्याला प्रत्यक्ष आजार आहे त्याला थंडी आणि शरीरातील पाण्याची कमतरता या दोन्हींनी वेदनेचा झटका येऊ शकतो. त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय या सरावात पडू नये.

खाण्यापिण्याचे फार अवडंबर नको. निघण्यापूर्वी एखादे केळे किंवा गूळ-शेंगदाणे, आल्यावर भाकर, झुणका, दही. या दिवसांत मोर्शी-वरुडकडची संत्री स्वस्त असतात, तीही खावीत. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी विसरले जाते, ते आठवणीने प्यावे. दहा किलोमीटरपुढच्या रविवारी एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे आणि सपाट, असे मिश्रण करून बाटली वाटेतल्या ओळखीच्या घरी ठेवावी.

शर्यतीला आदल्या दिवशी दुपारीच शहरात पोहोचावे, छातीवर लावायचा क्रमांक घ्यावा आणि तो रात्रीच पिनांनी शर्टाला लावून ठेवावा. नवे बूट त्या दिवशी घालू नयेत. किमान पन्नास-साठ किलोमीटर धावलेलेच बूट घालावेत. सोबत्यांनी रात्री जेवतानाच ठरवून घ्यावे की कोण कोणाबरोबर धावणार आणि एखादा मागे पडला तर दुसऱ्याने थांबायचे की नाही. हे ऐन रस्त्यावर ठरवायला गेले की दोघांचाही वेळ जातो आणि कधीकधी मैत्रीतही खडा पडतो. पहिले पाच किलोमीटर रविवारच्या चालीनेच धावावे, लोक पुढे जात असतील तर जाऊ द्यावे. साडेसहाला सुटलेली शर्यत संथ धावणाऱ्यासाठी नऊच्या पुढे जाते, तोवर ऊन अंगावर आलेले असते आणि थंडीत सुरुवातीला उडवलेली ताकद नेमकी तेव्हाच हवी असते. पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी दोन घोट घ्यावेत, तहान नसली तरी. सोळा किलोमीटरनंतर अंगात शिल्लक असेल तर वेग वाढवावा.

रेषा ओलांडल्यावर लगेच बसू नये. दहा मिनिटे चालावे, ओला शर्ट बदलावा आणि मगच फोटो काढावेत. पुढचे तीन दिवस फक्त चालावे आणि येत्या रविवारी सहा किलोमीटर गप्पा मारत धावावे. फेब्रुवारीअखेर ऊन लवकर चढू लागते, तेव्हा निघण्याची वेळ दर आठवड्याला दहा-दहा मिनिटांनी अलीकडे घ्यावी. तोवर उजेडही लवकर होऊ लागलेला असतो.