छकुलीचं वेबिल

एसटीत कंडक्टर म्हणून माझी 31 वर्षं गेली, त्यातली बहुतेक तासगाव आगारात. कुठल्या टप्प्यावर कुठल्या नंबरचं तिकीट चालू होतं ते वेबिलात लिहिलेलं असायचं. मध्येच चेकर चढला तरी मला काही सांगावं लागायचं नाही, कागद बघून त्याला गाडीचा हिशेब कळायचा. नातीच्या दवाखान्यांचंही असंच वेबिल करावं, हे सुचायला मला दोन वर्षं लागली.

छकुली नऊ वर्षांची आहे. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळं हालचालींवर ताबा नसणं), फिट्स, आणि गिळता येत नाही म्हणून पोटात नळी. बालरोगतज्ज्ञ सांगलीत, मेंदूचे आणि हाडांचे डॉक्टर मिरजेत, फिजिओ तासगावात. प्रत्येक जण आपापलं काम चोख करतो. पण एकाची चिठ्ठी दुसऱ्यापर्यंत नेणारं आपल्याशिवाय कुणी नसतं.

एकदा तिला न्यूमोनिया झाला. रात्री जवळच्या एका दवाखान्यात दाखल केली. औषधाचं नाव विचारलं तर मी काय सांगावं? "फिटचं पांढरं औषध, सकाळ-संध्याकाळ." तिथं मेरोपेनेम नावाचं अँटिबायोटिक चालू झालं. छकुलीचं ते फिटचं औषध म्हणजे व्हॅल्प्रोएट, आणि मेरोपेनेम दिलं की रक्तातलं व्हॅल्प्रोएट झपाट्यानं उतरतं. दुसऱ्या दिवशी फिटवर फिट. मिरजेच्या डॉक्टरांना फोन लागला तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं, "अँटिबायोटिक कुठलं चाललंय?" त्या रात्री माझ्या खिशात एक कागद असता तर!

तर कागद असा करा. एकच पान, जाड फाईल रात्री दोन वाजता कुणी चाळत नाही. वर नाव, जन्मतारीख, आजारांची नावं डॉक्टरांनी लिहिलीत तश्शीच. खाली वजन, आणि ते केल्याची तारीख. मुलांचा डोस बहुतेक वेळा वजनावर ठरतो, म्हणून आम्ही दर तीन महिन्यांनी वजन करतो.

औषध लिहिताना नुसतं "5 मिली" लिहू नका, इथंच गाडी चुकीच्या फाट्याला लागते. व्हॅल्प्रोएटच्या सिरपमध्ये साधारण 5 मिलीत 200 मिलीग्रॅम असतं. लेव्हेटिरासेटाम या फिटच्याच दुसऱ्या औषधाच्या सिरपमध्ये 1 मिलीतच 100 मिलीग्रॅम, म्हणजे 5 मिलीत 500. चमचा तोच, औषध अडीचपट. मिलीग्रॅम, मिली आणि वेळ, तिन्ही लिहा आणि बाटलीचा फोटो मोबाइलात ठेवा. कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे आणि कुठलं डॉक्टरांनी टाळायला सांगितलंय, ते लाल पेनानं.

नळी असेल तर तिचा नंबर आणि बदलल्याची तारीख टाका. "औषध नळीतून" हेही ठळक लिहा, कारण हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटून चालत नाहीत. आणि नळी निसटली तर सकाळची वाट बघत बसू नका, पोटाचं छिद्र काही तासांतच आकसायला लागतं.

दुसरं काम म्हणजे एक डॉक्टर मुख्य धरा. आम्ही सांगलीच्या बालरोगतज्ज्ञांना सरळ विचारलं, "मॅडम, बाकीच्यांनी बदललेली औषधं तुम्ही एकत्र बघाल का?" त्या हो म्हणाल्या. लोक विचारायलाच संकोचतात. आता कुणीही नवं औषध लिहिलं की मी आधी कागद पुढं करतो आणि विचारतो, यातल्या कशाशी त्याचं भांडण आहे का?

सांगली आणि मिरज शेजारीशेजारी. दोन्हीकडच्या तारखा एकाच दिवशी मागून घ्या, बहुतेक वेळा मिळतात. भूल द्यायची असेल तर आधीच विचारा की त्याच भुलेत दात तपासणं, रक्त काढणं उरकेल का. लेकराला तीनदा भूल द्यायची वेळ आमच्यावर आली असती, ती एकावर आली.

घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड तिथंच वाचा. जुनं कुठलं औषध बंद, कुठलं चालू, डोस बदलला का, आणि काय झालं तर परत यायचं, हे नर्सताईंसमोर कागदाशी ताडून घ्या. फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन, हे आमच्या कागदाच्या तळाशी चौकटीत आहे. शाळेतल्या बाईंकडं एक झेरॉक्स, एक कपाटाच्या दारावर.

सरकारी कागदांचं थोडक्यात सांगतो. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आधी काढा, बाकीची दारं त्यानंच उघडतात. एसटीला दिव्यांगांना 75 टक्के सवलत आहे, ती मागायला लाजू नका. मी स्वतः अशी तिकिटं फाडलीत. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असेल तर निरामय या सरकारी आरोग्य विम्यात वर्षाला 1 लाखापर्यंत खर्च मिळतो. लहान बाळ असेल तर अंगणवाडीत तपासायला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला गाठा.

आणि जुलै लागला की महिनाभराचं औषध घरात हवं. 2019 च्या महापुरात सांगलीचे रस्ते कसे बंद पडले ते आपण बघितलंय, आणि फिटचं औषध असं एकाएकी तोडता येत नाही.

डोस बदलला की पान नव्यानं लिहा, पण जुनं फाडू नका. आडवी रेघ मारून, तारीख घालून फाईलीत टाका. कुठलं औषध कधी वाढवलं आणि त्यानंतर फिट्स कमी झाल्या का, हे डॉक्टर हमखास विचारतात.